संशय म्हणजे पुरावा नव्हे

प्रश्न : आमच्या बांधकामावर बीरभूमचे बंगाली मजूर आहेत. नुसत्या संशयावरून त्यांना देशाबाहेर पाठवता येते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या दोन कुटुंबांना, त्यांत एक गर्भवती स्त्री, जूनमध्ये काही दिवसांत बांगलादेशात धाडले होते. गृह मंत्रालयाच्याच 2 मे 2025 च्या सूचनांनुसार मूळ राज्याकडून 30 दिवसांत पडताळणी व्हायला हवी होती. तेवढाही धीर धरला नाही. न्यायालयाने हद्दपारी रद्द करून चार आठवड्यांत परत आणण्याचा आदेश दिला. तरी ती स्त्री डिसेंबरमध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर परतली. हा विलंब मला फार अस्वस्थ करतो.

मात्र नागरिकत्व सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या व्यक्तीवरच आहे. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र एवढ्याने ते सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले आहे. म्हणून मजुरांना जन्मदाखला, आईवडिलांची मतदार यादीतील नोंद, जमिनीचे कागद यांच्या प्रती गावाहून मागवायला सांगा. कोणाला ताब्यात घेतलेच, तर त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकील मोफत मिळतो.