दुर्बीण वर, शोध पुण्यात

प्रश्न : मी सणसवाडीत एका कंपनीत कामाला आहे. रात्रपाळीत चहाला बाहेर आलो की एवढ्या दिव्यांच्या उजेडात आभाळात जेमतेम चार-दोन चांदण्या दिसतात. तारे जवळून दिसावेत म्हणूनच दुर्बिणी अवकाशात पाठवतात का? दुसरं असं, की पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वेब दुर्बिणीतून फार जुनी दीर्घिका शोधल्याची बातमी मध्यंतरी वाचली. दुर्बीण परक्यांची, तीही अवकाशात. मग इथे बसून शोध लागला कसा?
एक वाचक, सणसवाडी (ता. शिरूर)

उत्तर : आधी जवळ जाण्याचा मुद्दा निकालात काढू. जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. ऐकायला आकडा दांडगा वाटतो. पण सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. सणसवाडीहून रांजणगावचा गणपती ढोबळ मानाने २० किलोमीटर धरला, तर त्या हिशेबात वेबची सगळी मजल एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही.

खरी अडचण डोक्यावरच्या हवेची आहे. कारखान्यांचा आणि नगर रस्त्याचा उजेड हवेतल्या धुळीवर, बाष्पावर विखुरतो आणि आभाळ पांढुरकं होतं, हे तुम्ही रोज पाहताच. पण सगळे दिवे मालवले तरी हवेचा जाच संपत नाही. आपल्याच जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिथे अंधार पुष्कळ, पण हवेचे थर हलतात म्हणून ताऱ्याचं चित्र थरथरतंच. शिवाय बहुतेक प्रकारचा प्रकाश हवा खाली येऊच देत नाही. क्ष-किरण वरच अडतात. अतिनील किरणांचा मोठा भाग ओझोन शोषून घेतो, तर अवरक्त किरणांचा मोठा भाग पाण्याची वाफ. मोकळी वाट मिळते ती डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला आणि रेडिओ लहरींना. म्हणून तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण थेट शेतशिवारात उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना जमिनीवरूनच उत्तम काम करतात, त्यांना वर नेण्याचं कारणच नाही. उलट आयुकाने सूर्याचं अतिनील चित्र घेण्यासाठी ‘सूट’ ही दुर्बीण बांधली, ती वर न्यावीच लागली. २ सप्टेंबर २०२३ला ती आदित्य-एल१ यानातून गेली.

वेबला मात्र हवेच्या वर जाणंही पुरेसं नव्हतं. हबल दुर्बीण पृथ्वीभोवती काहीशे किलोमीटर उंचीवर फिरते. वेब लांब गेली ती उष्णतेपासून पळून. ती मुख्यतः अवरक्त किरण टिपते, आणि प्रत्येक उबदार वस्तू असे किरण सोडत असते. पृथ्वी सोडते, चंद्र सोडतो, दुर्बीण स्वतःसुद्धा. म्हणून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एकाच बाजूला राहतील अशी जागा निवडली आणि त्या बाजूला टेनिसच्या मैदानाएवढा पाच पदरी पडदा ताणला. त्याच्या सावलीत तिचा साडेसहा मीटरचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा उणे २०० अंशांच्याही खाली गार राहतो. २५ डिसेंबर २०२१ला ती निघाली, तेव्हा तो आरसा १८ तुकड्यांचा आणि घडी घातलेला होता. एवढा रुंद आरसा अग्निबाणाच्या टोकात मावतच नाही.

आता तुमच्या बातमीकडे येऊ. त्या दीर्घिकेचं नाव अलकनंदा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएमधल्या, राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ती शोधली. २०२५च्या नोव्हेंबरात शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे खोडदची रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था हीच. रेडिओवाल्यांनी अवरक्त प्रकाशात बाजी मारली, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

अलकनंदेचा प्रकाश आपल्याकडे यायला १२०० कोटींहून अधिक वर्षं लागली. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. म्हणजे आपल्याला तिचं जे रूप दिसतं, ते विश्व साधारण १५० कोटी वर्षांचं असतानाचं. वाटेत अवकाश प्रसरण पावत गेलं, तसा तिचा प्रकाशही सुमारे पाचपट ताणला गेला. निघताना जो डोळ्यांना दिसण्याजोगा होता तो पोहोचेपर्यंत अवरक्त झाला. म्हणून तिला पाहायला वेबच हवी. त्यात नशिबाची साथ अशी, की ती एबेल २७४४ नावाच्या दीर्घिकासमूहाच्या पाठीमागे आहे. त्या समूहाच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो आणि भिंगाचं काम होतं. त्यामुळे अलकनंदा दुप्पट तेजस्वी दिसते.

शोधाची प्रत्यक्ष पद्धत अशी. दुर्बिणीला डोळा लावून कुणी बसत नाही. वेबकडून खाली येतात ते आकडे. त्यांची चित्रं बनतात ती काळी-पांढरी, प्रत्येक चित्र एकेका गाळणीतून घेतलेलं. अलकनंदेची अशी चित्रं २१ गाळण्यांमधून मिळाली. बातम्यांत दिसतात ते रंग नंतर ठरवून भरलेले असतात. मूळ चित्रात एवढी दूरची दीर्घिका म्हणजे मोजक्या ठिपक्यांचा पुंजका. संशोधक त्याची चकाकी प्रत्येक गाळणीत मोजतात. कोणत्या गाळणीत ती उजळते आणि कोणत्यात गायब होते, यावरून प्रकाश किती ताणला गेला ते कळतं आणि त्यातून अंतर निघतं. आतल्या ताऱ्यांचं वय आणि वस्तुमानही याच आकड्यांतून येतं. मग मधला झळाळता भाग आणि तबकडी यांचं गणिती चित्र मूळ चित्रातून वजा करायचं. तसं केल्यावर अलकनंदेत दोन बाजूंना दोन रेखीव सर्पिल भुजा उठून दिसल्या. तिचा विस्तार सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं आहे, आणि वर्षाला आपल्या सूर्याच्या ६० पट वस्तुमानाचे नवे तारे तिथे घडत होते. इतक्या कोवळ्या विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, गुठळ्यागुठळ्यांच्या असायला हव्यात, अशी समजूत होती. तबकडी स्थिरावून भुजा फुटायला वेळ लागतो म्हणून. तो वेळ वाटला होता त्याहून कमी लागतो, एवढं आता मान्य करावं लागेल.

‘दुर्बीण परक्यांची’ या तुमच्या शब्दांवर मात्र थोडं भांडतो. वेब ही अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांची सामाईक मालमत्ता आहे, हे खरं. पण तिच्यावर वेळ मागण्याचा अर्ज कोणत्याही देशाचा संशोधक करू शकतो. अर्ज तपासणाऱ्यांना अर्जदाराचं नाव किंवा देश सांगितला जात नाही. ज्याला वेळ मिळतो, त्याच्याकडे निरीक्षणं फार तर वर्षभर राखीव राहतात. पुढे ती सगळ्यांसाठी फुकट खुली होतात, काही तर पहिल्या दिवसापासून. एबेल २७४४ची चित्रं अशीच खुली होती. ती साऱ्या जगाने पाहिली, पण अलकनंदेपाशी थांबले ते पुण्याचे दोघे. यात दुर्बिणीइतकाच वाटा नजरेचा आणि चिकाटीचा आहे.

तरीही स्वतःची दुर्बीण हवीच. २८ सप्टेंबर २०१५ला गेलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. तरी ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निघालेले अतितीव्र अतिनील किरण हबलला गवसले नाहीत, ते ॲस्ट्रोसॅटने टिपले. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी हे २०२०मध्ये दाखवून दिलं. त्या भागाकडे ॲस्ट्रोसॅटने ऑक्टोबर २०१६मध्ये २८ तासांहून अधिक वेळ पाहिलं होतं. तिच्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या शोधकाचा स्वतःचा गोंगाट फार कमी, हे यशाचं मोठं कारण. पुढची दुर्बीण याहून मोठी हवी आणि तिला उशीर होता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रहांविषयी तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यूएएसपी-३९ बी या ग्रहाच्या वातावरणातला कार्बन डायऑक्साइड वेबने २०२२मध्ये ओळखला. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासून हे कळतं. ग्रहाचा फोटो काढावा लागत नाही.

तुम्हाला स्वतः अशा शोधात हात घालून पाहायचा असेल, तर गॅलॅक्सी झू या उपक्रमात दीर्घिकांची चित्रं पाहून त्यांचे आकार सांगायचे असतात. पदवी लागत नाही, मोबाइल पुरतो. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा जीएमआरटी लोकांना पाहायला मिळते. मुलांना घेऊन जा. तिथे मात्र मोबाइल बंद ठेवा, कारण त्याच्या लहरी दूरच्या दीर्घिकांच्या लहरींपेक्षा कितीतरी जोरकस असतात आणि अँटेनांना त्याच आधी ऐकू येतात.