मोटारीच्या पोटातील आग

खुर्सीपार ही भिलाईतील दाट लोकवस्ती. तिच्याजवळून दुर्गहून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा हमरस्ता जातो, आणि पलीकडे पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या उभ्या आहेत. त्यांतील पहिली १९५९ साली सुरू झाली. रस्त्यावरील मोटार आणि कारखान्यातील भट्टी ह्यांचे नाते काय, असे वाचकाला वाटेल. परंतु दोन्हींच्या पोटात आग आहे, दोन्हींना हवा लागते आणि दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. भट्टीत तो मुद्दाम निर्माण करतात. मोटारीत मात्र त्याचा बंदोबस्त करावा लागतो. हा बंदोबस्त कसा होतो, ते ह्या पाठात पाहावयाचे आहे.

हवा व इंधन ह्यांचे प्रमाण

पेट्रोल हे कार्बन व हायड्रोजन ह्यांच्या संयुगांचे मिश्रण होय. ते पूर्ण जळले म्हणजे कार्बनपासून कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजनपासून पाणी तयार होते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे मोटार सुमारे ९,००० लिटर हवा ओढून घेते.

हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. हवा फार जास्त झाली तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही. शिवाय ज्वालेचे तापमान फार चढले, की एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हवेतील नत्रवायूही प्राणवायूशी संयोग पावतो व नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे, हे पेट्रोल मोटारीच्या धुरातील तीन मुख्य शत्रू होत.

पेट्रोलचा प्रवास

पूर्वीच्या मोटारींत हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. त्याच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. ही रचना साधी खरी. तथापि बदलते तापमान व बदलता भार ह्यांनुसार प्रमाण अचूक राखणे तिला जमत नसे.

आजच्या मोटारीत टाकीतील विजेचा पंप पेट्रोल गाळणीतून पुढे ढकलतो. सामान्य रचनेत ते वातावरणाच्या तीन-चार पट दाबाने इंजेक्टरपाशी पोहोचते. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी बारीक झडप. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटते. तेवढ्याच वेळा ही झडप काही सहस्रांश सेकंद उघडते व मिटते. ती किती वेळ उघडी ठेवावयाची, हे एक लहानसे गणकयंत्र ठरवते. आत येणारी हवा, एंजिनाचे तापमान व फेऱ्यांची गती ह्यांची खबर त्याला संवेदक देत असतात.

सर्वांत महत्त्वाची खबर मात्र धुरातून येते. धुराच्या नळीत झिर्कोनियाचा एक संवेदक बसविलेला असतो. धुरात प्राणवायू उरला नसेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट दाब देतो; उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. त्यावरून गणकयंत्र पेट्रोल किंचित कमी किंवा अधिक सोडते. अशा रीतीने प्रमाण १४.७ च्या आसपास सतत सावरले जाते.

उत्प्रेरक पेटी

इतका अचूकपणा कशासाठी, ह्याचे उत्तर उत्प्रेरक पेटीत आहे. ही पेटी मधाच्या पोळ्याप्रमाणे असंख्य छिद्रे असलेल्या चिनीमातीच्या ठोकळ्याची असते. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्यांचा अतिसूक्ष्म थर असतो. हे धातू स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया जलद घडवितात.

येथे झोतभट्टी आठवावी. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातील प्राणवायू हिरावून घेतो आणि लोखंड मोकळे होते. उत्प्रेरक पेटीत तोच वायू नायट्रिक ऑक्साइडमधील प्राणवायू हिरावून घेतो. नत्रवायू मोकळा होतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. एका विषाने दुसऱ्या विषाचा उतारा व्हावा, तसाच हा प्रकार होय. परंतु धुरात प्राणवायू जास्त असेल तर कार्बन मोनॉक्साइड त्याच्याशीच संयोग पावतो व नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच राहतात. प्राणवायू कमी पडला तर हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड शिल्लक उरतात. तिन्ही शत्रू एकाच वेळी निकालात निघतात, ते केवळ प्रमाण बरोबर असताना.

पेटीला आणखी दोन अटी आहेत. पहिली अट उष्णतेची. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली तिचे काम नीट सुरू होत नाही. म्हणून थंड एंजिनाच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतील धूर सर्वांत वाईट असतो. दुसरी अट शुद्ध इंधनाची. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. शिसे धातूंच्या थरावर बसले की पेटी निकामी होते. ह्यास्तव १९९५ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे नव्या मोटारींना उत्प्रेरक पेटी आवश्यक झाली, तेव्हा तेथे शिसेविरहित पेट्रोलही देण्यात आले. २००० सालापासून देशभर तेच मिळू लागले. गंधकही पेटीस बाधक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनुसार इंधनात त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांहून अधिक चालत नाही.

पेट्रोलची वाफही मोकळी सोडीत नाहीत. टाकीतील वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि एंजिन चालू झाल्यावर तेथून ओढून जाळली जाते.

सावधगिरी

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात झालेल्या वायुगळतीत सहा जणांचे प्राण गेले. तेथे घातक ठरला तो हाच वायू. म्हणून बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवणे केव्हाही प्राणघातक ठरू शकते. पेटी थंड असताना तिचे संरक्षण नसते, हे आपण पाहिलेच आहे. मोटारीच्या फलकावर एंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर तपासणी लांबणीवर टाकू नये. ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल पेटीत गेल्यास ते तेथे पेटते व पेटी वितळूही शकते.

शेवटी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. कोणतीही उत्प्रेरक पेटी तो नाहीसा करू शकत नाही. तो कमी करावयाचा तर पेट्रोलच कमी जाळावयास हवे.

स्वाध्याय

१. पाच किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास किती हवा लागेल?

२. झोतभट्टी व उत्प्रेरक पेटी ह्यांत कार्बन मोनॉक्साइडच्या कार्यात कोणते साम्य आहे?

३. धुरात प्राणवायू जास्त उरला तर तीन शत्रूंपैकी कोणता निसटेल? कारण सांगा.