बियाण्याची चिठ्ठी पाहता, संकेतस्थळाचीही पाहा

जालना एमआयडीसी बियाणे कंपन्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्रमाणित बियाण्याची पिशवी घेताना आपण निळी चिठ्ठी, मुदत व मोहोर पाहतो. मोबाईलवर पैसे भरताना अशीच तपासणी ब्राउझर करतो. संकेतस्थळाच्या डिजिटल प्रमाणपत्रावरील नाव, मुदत आणि देणाऱ्या संस्थेची सही तो पडताळतो. मेळ न बसल्यास इशारा देतो.

मात्र या तपासणीत उणिवा आहेत. यादीतील एका संस्थेकडून चूक झाली तरी ब्राउझर फसू शकतो. जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. विंडोजच्या यादीवर चालणारा इंटरनेट एक्सप्लोरर अशी प्रमाणपत्रे खरी मानू शकत होता. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्याने तो बचावला. एनआयसीचे प्रमाणपत्र देण्याचे अधिकार लगेच रद्द झाले.

दुसरे असे, की बनावट दुकानालाही स्वतःच्या पत्त्याचे प्रमाणपत्र मिळते. कुलपाचे चिन्ह दुकानदाराच्या सचोटीची हमी देत नाही.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. पिशवीवर किंवा पावतीवर छापलेला पत्ता स्वतः टाइप करावा. आलेल्या लिंकवरून पैसे भरू नयेत.
२. पत्त्याचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे.
३. इशारा आल्यास पुढे जाऊ नये. मोबाईलची तारीख चुकली असेल तरीही इशारा येतो. ती आधी तपासावी.
४. ब्राउझर वेळोवेळी अद्ययावत करावा.

फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. पेरणीच्या पैशाची राखण पेरणीआधीच करावी.