कोकणची सहल आणि मॉलमधलं कूपन

प्रश्न : मी चिंचवडला राहतो, खासगी कंपनीत नोकरी करतो. घरी पत्नी, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांची आई. नाताळच्या सुट्टीत तीन-चार दिवस कोकणात किंवा गोव्यात जायचा विचार आहे. ३० हजारांच्या वर खर्च झेपणार नाही, आणि हॉटेलांचे दर बघून छाती दडपते. ऑफिसातले एक जण म्हणतात, पर्सनल लोन काढ आणि थेट थायलंडला चल. आणखी एक सांगायचं म्हणजे, मॉलमध्ये भरलेल्या कूपनवर बक्षीस लागलं म्हणून गेल्या रविवारी आम्हा दोघांना एका हॉटेलात बोलावलं होतं. तीन तास माहिती दिली. २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप, दरवर्षी सात रात्री, किंमत तीन लाख. २० हजार क्रेडिट कार्डावर भरले, उरलेल्या २ लाख ८० हजारांचे ३६ हप्ते आहेत. मेंटेनन्स वर्षाला १८ हजार. सोबत तीन रात्रींचं मोफत कूपन दिलं आहे. पत्नी तेव्हापासून फारसं बोलत नाही. यंदाची सहल त्यांच्याच रिसॉर्टमध्ये करून पैसे वसूल करायला सुरुवात करावी का? लांबचा विचार केला तर ही बचतच नाही का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचं पत्र हाती आलं तेव्हा सही होऊन पाच दिवस झाले होते. अंक छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून पत्रातल्या क्रमांकावर त्याच संध्याकाळी निरोप दिला. खाली जे लिहितो आहे ते तुमच्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त अशाच एखाद्या रविवारी सही करून घरी आलेल्या इतरांसाठी आहे.

तुम्ही आधी सहलीबद्दल लिहिलंत आणि तीन लाखांच्या कराराबद्दल नंतर, ‘आणखी एक’ म्हणून. मनात काय सलतंय ते त्यातूनच कळलं. बचत आहे का, असं विचारताना तुम्हाला मी ‘हो’ म्हणायला हवा आहे. मी म्हणणार नाही. तुम्ही विचारायला हवे होते ते दोन प्रश्न असे : हा करार रद्द करायला किती दिवस उरले आहेत, आणि मी नक्की कोणाचा देणेकरी झालो आहे?

आधी वसुलीबद्दल, कारण तिथेच सगळ्यात मोठी चूक व्हायची आहे. ते मोफत कूपन वापरू नका. एक रात्रसुद्धा नको. मेंबरशिपवर बुकिंगची विनंतीही टाकू नका. आज तुम्ही कंपनीची कोणतीही सेवा घेतलेली नाही, आणि रद्द करण्याच्या पत्रात हे वाक्य तुमच्या फार उपयोगाचं आहे. एकदा खोलीत राहून आलात की ‘सदस्याने सेवेचा लाभ घेतला आहे’ असं उत्तर येतं आणि परताव्यातून कपात सुरू होते.

आता करार काढा. मागच्या पानांवर बारीक अक्षरांत ‘रद्द करणे’ किंवा ‘कूलिंग ऑफ’ असं कलम शोधा. अशा मेंबरशिपसाठी ठरावीक दिवसांत पैसे परत मिळण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. करारात जे छापलं आहे त्यावरच सुरुवातीला भिस्त. बऱ्याच करारांत दहा दिवस असतात, काहींत कमी, काहींत कलमच नसतं. दिवस सहीपासून मोजायचे की पैसे भरल्यापासून, तेही वाचा. मुदत असेल तर आजच ईमेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, करारातल्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. मजकूर चार ओळींचा : अमुक तारखेला सही केली, सदस्य क्रमांक अमुक, कोणतीही सेवा घेतलेली नाही, सदस्यत्व रद्द करून पूर्ण रक्कम परत करावी. कारणं लिहीत बसू नका. करारावर पत्नीची सही असेल तर पत्रावरही दोघांच्या सह्या हव्यात.

फोनवर रद्द होत नाही. फोन केलात तर एक अतिशय गोड आवाज तुम्हाला सांगेल की साहेब सोमवारी येतील, कार्यालयात या, आपण समोरासमोर बोलू. सोमवारी साहेब रजेवर असतात. मुदत अशीच सरते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता अशा अशिलाला मी फोन हातात घेऊच देत नाही.

आता ज्या खड्ड्यात माणसं खरोखर बुडताना मी पाहिली आहेत तो सांगतो. त्या हॉटेलातल्या टेबलावर तुम्ही एक नव्हे, दोन करार केले. एक मेंबरशिपचा. दुसरा कर्जाचा, बहुतेक मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून झालेला. ‘हप्ते आहेत’ असं तुम्ही लिहिता, पण कोणाचे? पाच जणांतल्या चौघांना वाटतं, हप्ता हॉलिडे कंपनीला जातो. तसं नसतं. फायनान्स कंपनीने किंवा बँकेने २ लाख ८० हजार त्यांच्या हातात ठेवून टाकलेले असतात, आणि ३६ महिने तुम्ही त्या फायनान्स कंपनीचं कर्ज फेडत असता. रिसॉर्ट मिळो न मिळो, मेंबरशिप रद्द होवो न होवो, हे कर्ज आपोआप मिटत नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं होतं. रिसॉर्टला दोनदा बुकिंग नाकारलं म्हणून चिडून त्यांनी हप्ता भरणं थांबवलं. फसवणूक झालेल्याने पैसे का भरायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण हप्ता थांबला तो सावकाराचा, ज्याच्याशी त्यांचं भांडणच नव्हतं. दंड चढत गेला, सिबिलवर थकबाकी लागली, आणि दीड वर्षाने घराच्या कर्जासाठी अर्ज केला तेव्हा बँकेने तो परत पाठवला. घराचं टोकन दिलेलं होतं. त्या बाई माझ्यासमोर बसून त्या एका रविवारच्या दुपारचा हिशेब मांडत होत्या, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

म्हणून ज्या दिवशी मेंबरशिप रद्द करण्याचा ईमेल जाईल, त्याच दिवशी दुसरा ईमेल कर्ज देणाऱ्याला. कोण तो, हे माहीत नसेल तर मोबाइलवरचे मेसेज आणि बँकेतली ‘ई-मँडेट’ची नोंद पाहा. त्याच्याकडून कर्जकरार आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. हे एक-दोन पानी विवरण देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात खरा वार्षिक व्याजदर लिहिलेला असतो. कर्ज मोबाइलवरून झालं असेल तर त्यातून बाहेर पडण्याची मुदतही असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय सुटता येतं. अडचण उघड आहे : मुद्दल तुमच्याकडे नाही, हॉलिडे कंपनीकडे आहे, आणि ही मुदत फार थोडी, कधी एका दिवसाचीही असते. म्हणून पहिल्या पत्रातच स्पष्ट मागणी करा की कर्जाची रक्कम कंपनीने थेट सावकाराला परत करावी आणि २० हजार तुमच्या कार्डावर. कार्डाच्या बँकेलाही त्या व्यवहाराबद्दल लेखी वाद नोंदवा.

‘कर्ज बंद’ असं सावकाराचं पत्र हातात येईपर्यंत हप्ता भरत राहा. हरकत नोंदवून, लेखी, पण भरा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, मलाही द्यायला आवडत नाही. खातं रिकामं ठेवून हप्ता परत जाऊ देण्याचा सल्ला शेजारी देतील. तो ऐकू नका. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार पैसे नसल्यामुळे असा हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच फौजदारी मामला होऊ शकतो.

कर्जदात्याने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८.

मुदत उलटून गेलेली असेल तरी हात टेकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. करारात दिल्ली-चेन्नईचं न्यायक्षेत्र किंवा लवाद लिहिला असेल तर घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यानेही कंपनी जागी होते. तक्रार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून लिहा. ‘अन्याय्य करार’ हा मुद्दा पुढे केलात तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं आणि चकरा वाढतात. पुराव्यासाठी त्या विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज, पत्रक, कागदावर त्याने खरडलेला हिशेब, सगळं जपून ठेवा. तोंडी आश्वासनांना किंमत नाही, असं कलम करारात असतंच. म्हणून लिहिलेल्या चिठोऱ्यालाही मोल आहे.

एक सावधगिरी पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी. ‘तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, आधी एनओसीची फी भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. एकदा फसलेल्यांच्या याद्या फिरत असतात.

आता बचतीचा हिशेब, म्हणजे पत्नीशी बोलताना उपयोगी पडेल. तीन लाख मुदत ठेवीत टाकले आणि साडेसहा टक्के धरले तर वर्षाला १९,५०० रुपये व्याज येतं, मुद्दल शाबूत. त्यात मेंटेनन्सचे वाचलेले १८ हजार मिळवा. झाले ३७,५००. सात रात्रींनी भागलं तर रात्रीला साधारण ५,३५० रुपये. एवढ्यात कोकणात चांगली खोली मिळते, तीही हव्या त्या गावात. शिवाय मेंटेनन्स वाढत जातो, गेलात नाहीत तरी भरावा लागतो, रिसॉर्टमधलं जेवण वेगळं, आणि नाताळ-दिवाळीचे आठवडे सहसा सगळ्यात महागड्या श्रेणीच्या सदस्यांसाठी असतात. तुमची श्रेणी कोणती, हे करारात पाहा.

थायलंडसाठी पर्सनल लोन : नाही. सहल पाच दिवसांची, हप्ते तीन वर्षांचे.

राहिली तुमची सहल. ती ३० हजारांत नीट होते, फक्त २४ डिसेंबर ते १ जानेवारी सोडा. त्या आठवड्यात गोव्याचं नाव काढू नका. मुलांची तीन-चार दिवसांची शाळा बुडली तरी चालेल. जानेवारीत सोमवार ते गुरुवार जा. समुद्र तोच, हवा जास्त छान, आणि भावात घासाघीस करायला जागा राहते.

मी गुहागर सुचवेन. स्वारगेटहून चिपळूण-गुहागरकडे एसटी जाते. तुमच्या घराचं तिकीट बघा : महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं, त्यामुळे पत्नी आणि मुलगी अर्ध्या तिकिटात. मुलगा १२ च्या आत, त्याचंही अर्धं. आई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना राज्यभर एसटीचा प्रवास मोफत. पाच जणांत पूर्ण तिकीट एकट्या तुमचं. प्रत्येकाचं आधार कार्ड सोबत ठेवा, आईंचं विसरू नका. रेल्वेने जायचं तर आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गावात घरगुती राहण्याची-जेवणाची सोय बघा. व्याडेश्वराच्या देवळाजवळ उतरलात तर समुद्र पायी. एक दिवस रिक्षा ठरवून हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर. एमटीडीसीत राहायचं असेल तर बुकिंग त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा फोन नंबर त्यांचाच असेल असं नाही. घरगुती ठिकाणी सगळे पैसे आधी पाठवू नका. एका रात्रीचं भाडं आगाऊ पुरे, आणि यूपीआयवर येणारं नाव मालकाच्या नावाशी जुळतंय ना, ते पाठवण्याआधी पाहा. मालकाला फोन करून उद्याच्या जेवणात काय आहे विचारा. खरा घरमालक दोन मिनिटं बोलतो, मासे कुठले आलेत तेही सांगतो.

हेही जमलं नाही तर निराश होऊ नका. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात, पुण्याच्या आसपास एका दिवसात शेतावर जाऊन येता येतं, मुलांना ते समुद्राइतकंच आवडतं.

गुहागरला आईंसाठी तळमजल्यावरची खोली मागा, आणि बाथरूममध्ये कमोड आहे का ते फोनवरच विचारून घ्या.