वैतरणेकाठी जपानी आयरिस फुलेल?

प्रश्न : वैतरणा स्टेशनजवळच्या आमच्या अंगणात पावसाळाभर पाणी साचतं. तिथे जपानी आयरिस लावावा का?

उत्तर : या झाडाला ओल मानवते हे खरं, पण अडचण पाण्याची नाही, थंडीची आहे. तोक्योच्या मेइजी देवस्थानच्या बागेत तो जूनमध्ये बहरतो, कारण त्याआधी हिवाळाभर पानं वाळून कंद गारठ्यात निजलेला असतो. आपली जानेवारीची रात्रही त्याला उबदारच. पानं माजतील, कळी धरणं कठीण. कंद फ्रीजमध्ये ठेवू म्हणाल, तर ती युक्ती ट्यूलिपच्या कोरड्या कांद्याची; याची मुळं सुकली की खेळ संपला. त्या ओलीत खुशाल सोनटक्का लावा. पावसाळ्यात संध्याकाळी त्याची पांढरी कळी उलगडते आणि वास पार ओटीपर्यंत येतो.