सिलिंडर हेड : दुरुस्ती आणि सुधारणा

मोटारीच्या इंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खाली ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोकळ्यांत दट्टे वरखाली होतात तो भाग. आणि त्यावर बोल्टांनी आवळलेले झाकण, म्हणजे सिलिंडर हेड. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'हेड' म्हणतात. झाकण हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणारी आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी द्वारे, त्या द्वारांवरील झडपा, ठिणगीचे प्लग, पाणी खेळविणाऱ्या वाटा आणि खुद्द ज्वलनकक्षाचे छत, हे सारे या झाकणातच सामावलेले असते. इंजिन किती श्वास घेते आणि त्या श्वासाचे किती चीज होते, हे बहुतांशी येथेच ठरते.

उदाहरणासाठी आपण मारुती ८०० ही गाडी घेऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या (आजच्या गुरुग्रामच्या) कारखान्यातून तिची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना २००७ साली दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर येथे सुरू झाला. वाहने तपासून प्रमाणित करणारे आंतरराष्ट्रीय वाहन तंत्रज्ञान केंद्रही मानेसरलाच आहे. या महामार्गावर मे महिन्यात दुपारी एखादी जुनी ८०० उभी आहे आणि तिच्या बॉनेटखालून वाफ निघत आहे, असे समजा. पुढचे सगळे या दृश्यापासून सुरू होते.

चालकाच्या हातून पहिली चूक होते ती येथेच. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, पाण्याची एकाएकी वाफ होते आणि हात व चेहरा भाजतो. दुसरी चूक म्हणजे तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे. इंजिन बंद करून तासभर सावलीत बसणे, हाच या वेळचा सर्वोत्तम उपचार होय. एवढा धीर धरणाऱ्याचे हेड पुष्कळदा वाचते. 'आणखी पाच किलोमीटर जाऊ' म्हणणाऱ्याचे सहसा वाचत नाही.

ते का वाचत नाही, हे समजण्यासाठी धातूंकडे पाहावे लागते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. ३० सेंटीमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा १०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतो. तेवढाच बिडाचा तुकडा त्याच्या निम्म्यानेच, सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतो. नेहमीच्या तापमानात ही तफावत गास्केट सांभाळून घेते. तापमान मर्यादेबाहेर गेले की हेड वाढू पाहते, पण बोल्ट त्याला वाढू देत नाहीत. धातू आतल्या आत दबतो आणि थंड झाल्यावर हेड कमानीसारखे वाकलेले राहते. मग गास्केट कोठे तरी फुटते. पाणी तेलात शिरले तर तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. सिलिंडरात शिरले तर धुराड्यातून पांढरी वाफ सुटते. आणि ज्वलनाचा वायू पाण्यात शिरला तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात.

हेड उतरविताना इंजिन पूर्ण थंड असावे लागते आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करीत आणावे लागतात. गरम इंजिनाचे बोल्ट घाईने सोडले, तर वाचलेले हेडही वाकण्याचा संभव असतो. हेड स्वच्छ केल्यावर त्याच्या पृष्ठभागावर पोलादी सरळपट्टी उभी धरतात आणि खालच्या फटीत फीलर गेजची पाती सरकवून पाहतात. लांबीच्या व रुंदीच्या दिशेने आणि दोन्ही कर्णांवर अशी तपासणी करावी. फट ०.०५ मिलिमीटरहून, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या केसाच्या जाडीहून, अधिक असेल तर काम करावे लागेल. त्यानंतर तडे शोधावयाचे. दोन झडपांच्या बैठकींमधला अरुंद पूल हे तड्यांचे आवडते ठिकाण. तेथे रंगद्रव लावून पुसून घेतले की तड्यात मुरलेला रंग पुन्हा वर येऊन रेघ दाखवितो. संशय उरलाच तर पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरावी आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत.

वाकलेले हेड यंत्रावर धरून त्याचा तळ सपाट करणे, याला आपल्याकडे 'फेसिंग मारणे' म्हणतात. हे काम झटपट होते, स्वस्त पडते आणि म्हणूनच वाजवीपेक्षा अधिक केले जाते. मारुती ८०० मध्ये कॅमदंड हेडमध्येच बसविलेला आहे. हेड खालून वाकले म्हणजे वरूनही वाकले. केवळ तळ सपाट केल्याने कॅमदंडाची बेअरिंगे एका रेषेत येत नाहीत. तो दंड अडखळत फिरतो आणि कधी मोडतोही. म्हणून फेसिंगपूर्वी झडपांवरचा दाब काढून कॅमदंड हाताने फिरवून पाहणे अत्यावश्यक आहे. तो अडत असेल तर हेड भट्टीत तापवून, जाड पोलादी पाटावर उलट दिशेने आवळून सरळ करावे लागते, आणि ही सोय प्रत्येक गॅरेजात नसते. दुसरे असे की अतिशय तापलेला मिश्रधातू मऊ पडतो. असे हेड सरळ केले तरी बोल्टांखाली ते पुन्हा दबते आणि काही महिन्यांत नवे गास्केटही जाते. कठीणपणा मोजून तो उतरलेला आढळल्यास हेड भंगारात देणे हेच स्वस्त, मालकाला ते कितीही कटू वाटो.

फेसिंगचा आणखी एक परिणाम हिशेबाने पाहता येतो. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर आहे. म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २६५ घन सेंटीमीटर आणि तिन्हींचे मिळून ७९६. संपीडन गुणोत्तर ८.७ धरले, तर दट्टा वर असताना शिल्लक राहणारी जागा सुमारे ३४.५ घन सेंटीमीटर भरते. हेडचा ०.३ मिलिमीटर थर काढला तर ही जागा फार तर १.१ घन सेंटीमीटरने घटते आणि गुणोत्तर ९ च्या आसपास जाते. इंजिन हे सोसते. पण तीनदा उतरलेल्या हेडचा मिळून १ मिलिमीटर थर गेला असेल, तर गुणोत्तर ९.६ पर्यंत पोचू शकते. मग मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेटू लागते, चढावर इंजिन 'खटखट' करते आणि अखेर दट्ट्याला भोक पडते. शिवाय हेड खाली आल्याने कॅमदंड भुजादंडाच्या जवळ येतो, पट्टा सैल पडतो आणि झडपा किंचित उशिरा उघडू लागतात. या कारणास्तव प्रत्येक फेसिंगच्या वेळी किती थर काढला हे कागदावर लिहून ठेवावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती असा कागद क्वचितच पडतो, ही खेदाची गोष्ट आहे.

आता झडपांविषयी. निकास-झडप लाल होईपर्यंत तापते आणि आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकलेली असताना त्या बैठकीलाच देते. बैठक नीट बसत नसेल तर झडपेची कड जळते. किरकोळ खरबरीतपणा घासपेस्ट लावून, झडप हाताने उलटसुलट फिरवून घालविता येतो. कड जळाली असल्यास झडप बदलावी व बैठक ४५ अंशांच्या कटरने पुन्हा कापावी. मार्गनळी झिजलेली असेल तर आधी ती बदलावी, कारण कटर तिच्याच आधाराने फिरतो.

बैठकीच्या प्रश्नाने आपल्या देशात एकदा मोठाच गोंधळ उडविला होता. ॲम्बॅसिडरचे हेड बिडाचे होते आणि झडपांच्या बैठकी त्या बिडातच कापलेल्या होत्या. पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर त्या बैठकींवर बसे आणि झडपेचे घाव झेली. १९९५ पासून महानगरांत आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते येणे योग्यच होते, कारण शिसे मुलांच्या मेंदूवर आघात करते. परंतु जुन्या बैठकी झिजू लागल्या, झडपा आत रुतू लागल्या. त्यावरचा उपाय म्हणजे बैठकीची जागा कोरून तेथे कठीण मिश्रधातूचे कडे बसविणे. कडे खाचेपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके मोठे ठेवतात. हेड तापवून व कडे गारठवून ते ठोकले की दोन्ही समतापमानाला आल्यावर कायमचे जखडते. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या टॅक्सींनाही अशी कडी उपयोगी पडत, कारण हा कोरडा वायू बैठकींना कोणतेच वंगण देत नाही.

ही झाली खरी सुधारणा, जिच्यामुळे इंजिन अधिक काळ टिकते. शक्ती वाढविणारी सुधारणा निराळी. तिचे उत्तम उदाहरण आपल्याच रस्त्यांवर होते. मूळ ८०० च्या हेडमध्ये सहा झडपा होत्या आणि इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती देत असे. २००० साली आलेल्या ऑल्टोमध्ये ७९६ घन सेंटीमीटरचेच इंजिन बारा झडपांचे हेड लावून आले आणि सुमारे ४६ अश्वशक्ती देऊ लागले. अर्थात कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शनही आले होते, तेव्हा सारे श्रेय हेडला देता येणार नाही. तरीही कारण समजून घेण्याजोगे आहे. ३० मिलिमीटर व्यासाच्या एका झडपेऐवजी २१ मिलिमीटरच्या दोन झडपा ठेवल्या, तर छतावरची जागा जवळजवळ तेवढीच लागते. पण वायूला शिरण्याची फट झडपेच्या परिघावर अवलंबून असते आणि दोन परिघांची बेरीज ३० ऐवजी ४२ च्या प्रमाणात येते. शिवाय हलकी झडप वेगात उसळत नाही.

हौशी माणसाने द्वारे घासून रुंद करण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे. द्वार रुंद केले की मंद वेगात मिश्रणाचा झोत सुस्तावतो, आणि शहरात गाडी मंद वेगानेच चालते. हेड व मॅनिफोल्ड यांच्या जोडावरची कंगोरी पायरी घासून सपाट करणे मात्र निर्धोक आहे. दुसऱ्या प्रकारचे हेड वा इंजिन बसविण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचावे. उत्पादकाने ठरविलेल्या नमुन्यात मनमानी बदल त्याने निषिद्ध केले आहेत.

हेड परत बसविताना गास्केट नवे घ्यावे, बोल्टांची छिद्रे तेल-पाण्यापासून कोरडी करावीत (छिद्रात साचलेले तेल बोल्टाच्या दाबाने ब्लॉकला तडा देऊ शकते) आणि टॉर्क पान्याने मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत बोल्ट आवळावेत. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पुष्कळ गॅरेजांत रीत आहे. तसे केल्याने इंजिन गार राहते खरे, पण कायम अर्धवट गार राहून जास्त पेट्रोल पिते व लवकर झिजते. थर्मोस्टॅट नवाच बसवावा. पंखा, पंप आणि रेडिएटरच्या नळ्या त्याच दिवशी तपासाव्यात, कारण गाडी मुळात तापली का, हे शोधले नसेल तर हेड पुन्हा उतरवावे लागेल.