मुलाचा फोन आणि आईचे इन्सुलिन

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीजेची रात्र. एका आजींना माझ्या दवाखान्यात आणले. दरदरून घाम, हातपाय थरथरत, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर ५२ भरली. ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या.

चौकशी केली. दर रविवारी पावणेसातला इन्सुलिन, सातला न्यू जर्सीहून मुलाचा फोन, मग जेवण, असा आजींचा क्रम. मुलाने कॅलेंडरमध्ये तिकडची सकाळी साडेनऊची वेळ नोंदवली होती. त्या पहाटे तिकडची घड्याळे एक तास मागे गेली, त्यामुळे फोन आला आठला. तोवर आजी उपाशी! जेवणाची वेळ मीही कधी विचारली नव्हती.

आपली घड्याळे वर्षभर तशीच राहतात. न्यू जर्सी मात्र उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणून परदेशातील मुलांनी अशी नोंद भारतीय वेळेनेच करावी. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तशी सोय असते.

इन्सुलिन घेतल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत जेवावेच. घाम, थरथर जाणवल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित दवाखाना गाठावा.

फोन चुकला तर पुन्हा लावता येतो. जेवण मात्र चुकवू नका.